टाटा इन्स्टिट्यूटच्या झाडांखाली

बंगळूरूच्या यशवंतपूर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ असे पूर्ण नाव सांगितले, तर तो क्षणभर घुटमळण्याचा संभव असतो. ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटले, की त्याची मान लगेच हलते. जमशेटजी टाटांनी या संस्थेच्या नावात आपले नाव घालण्याचा आग्रह धरला नव्हता. बंगळूरूच्या लोकांनी मात्र ते परस्पर घालून टाकले आणि शंभराहून अधिक वर्षे तसेच चालू ठेवले आहे.

दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास मिरजेकडून बेळगाव-हुबळीमार्गे येणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये, किंवा मुंबईहून सोलापूरमार्गे येणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये, या टाटा इन्स्टिट्यूटला निघालेला एखादा मराठी विद्यार्थी भेटू शकतो. तो ओळखायला सोपा! एक मोठी बॅग बाकाखाली ढकललेली, चिवडा-लाडवांचे डबे आईने त्यातच कोंबलेले आणि पाठीवरची दुसरी, छोटी बॅग मात्र रात्रभर छातीशी धरलेली. त्या छोट्या बॅगेत लॅपटॉप असतो.

या लॅपटॉपवरून घरात बहुधा महिनाभर तरी खल झालेला असतो. वडिलांचे म्हणणे, ‘संगणकाचेच शिक्षण घ्यायचे आहे ना, मग चांगला भारीतला घे, पाच वर्षे बघायला नको.’ मुलाचे म्हणणे, ‘बाबा, हलका पाहिजे, दिवसभर पाठीवर वागवायचा असतो.’ आईचा प्रश्न सगळ्यांत व्यवहारी असतो, ‘चोरीला गेला तर?’ शेवटी एखादी ठेव मोडली जाते, किंवा थोरल्या बहिणीच्या पगारातून हप्ते ठरतात, आणि घरातली सगळ्यांत महाग वस्तू सगळ्यांत धाकट्याच्या पाठीवर बसून परराज्यात निघते.

गंमत अशी, की इथे आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत या विद्यार्थ्याच्या ध्यानात येते, की जड गणिते त्याच्या लॅपटॉपवर होतच नाहीत. ती होतात दूर कुठल्या तरी थंड खोलीत ठेवलेल्या मोठ्या यंत्रांवर. लॅपटॉप ही नुसती खिडकी असते, तीतून आत डोकवायचे. आणि संगणकशास्त्राचे जे खरे अवघड विषय आहेत, त्यांचा अभ्यास कागद, पेन आणि फळा यांवरच होतो. एखादी रीत बरोबर का चालते, आणि तिला किती वेळ लागेल, हे सिद्ध करायला वीजसुद्धा लागत नाही! ज्या पालकांची ठेव अजून मोडायची आहे, त्यांनी एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही.

दगडी मनोऱ्याभोवती

आवारात शिरल्यावर पहिली जाणीव होते ती सावलीची. बाहेर सी. व्ही. रामन रस्त्यावर वाहनांचा अखंड ओघ चाललेला, आणि फाटकाच्या आत एकदम कमान धरून उभी राहिलेली झाडे. रस्त्यांची नावेही झाडांचीच. गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग, सिल्व्हर ओक मार्ग. विद्यार्थी सायकलींवरून जाता-येता दिसतात. समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंचीवर असल्याने बंगळूरूची हवा मुळातच सौम्य, आणि या आवारात तर ती अधिकच. शहरातले किती तरी तलाव बुजले, बागा गेल्या, पण हे आवार टिकले. रात्री इथल्या झाडांवर लाजवंती, म्हणजे मोठ्या वाटोळ्या डोळ्यांचे ते लहानसे वानरकुळीतले प्राणी, सावकाश हिंडत असतात. ऐन शहरात ते शिल्लक आहेत, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही.

ही जमीन म्हैसूर संस्थानची. मुंबईतल्या आपल्या मिळकतींचा मोठा भाग जमशेटजींनी संस्थेसाठी देऊ केला होता, पण १९०४ साली ते वारले आणि त्यांना ती पाहायला मिळाली नाही. म्हैसूर दरबाराने १९०७ साली ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्थेची रीतसर स्थापना झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी दाखल झाले. करड्या दगडाची, मधोमध उंच मनोरा असलेली मुख्य इमारत आणि तिच्यासमोरचा जमशेटजींचा पुतळा, हे दृश्य पाहुणे आवर्जून फोटोत धरून नेतात.

मराठी पाहुण्याने मात्र इथे थोडे अधिक थांबावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत चमकलेली कमला भागवत नावाची मुलगी इथे प्रवेश मागायला आली. तिचे वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. तेव्हा संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षे झाली होती. मुलीला घ्यायचे नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. कमलाबाई परत गेल्या नाहीत. सत्याग्रह करीन म्हणाल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर! पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच ते मान्य होणार, आणि मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मानल्या, पण तो अपमान त्या पुढे कधी विसरल्या नाहीत. काम मात्र असे केले, की खुद्द रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला. या कमला भागवत म्हणजेच केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, नीरेवर मोलाचे संशोधन करणाऱ्या डॉ. कमला सोहोनी, आणि लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी.

तरीही चाळीस वर्षांनी इथल्या संगणकशास्त्राच्या वर्गात मुलगी होती ती एकच. १९७४ साली एम. ई. होत असलेल्या सुधा कुलकर्णी यांनी सूचना फलकावर पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. तीत खाली एक ओळ होती, महिलांनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरी मिळाली, आणि पुणे घडले. त्याच पुण्यात, सुधाबाईंनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर, नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली इन्फोसिस सुरू केली. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरूला गेली. पुण्याने तिला राहू दिले असते तर काय झाले असते, हा पुणेकरांचा आवडता विषय आहे. तो इथे नको!

पत्त्यांच्या गठ्ठ्यापासून

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण या आवारात संगणक १९५५ च्या सुमारासच घडवला गेला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातून पाहुणे म्हणून आलेले प्राध्यापक राइडआउट यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी एक ॲनालॉग संगणक जुळवला. तो आकडे मोजत नसे. विजेच्या दाबाच्या चढउतारांवरून समीकरणे सोडवी. त्या कामात हात असलेल्यांपैकी एक होते व्ही. राजारामन. पुढे कानपूरच्या आय. आय. टी. त त्यांनी संगणकाचे वर्ग घडवले, मग ते याच संस्थेत परतले. त्यांची फोर्ट्रान आणि संगणकाची मूलतत्त्वे शिकवणारी स्वस्त पुस्तके देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या किती तरी मराठी अभियंत्यांच्या कपाटात त्यातले एखादे अजून सापडेल.

त्या काळी एकच मोठा संगणक सगळ्यांत मिळून असे. कार्यक्रम भोके पाडलेल्या पत्त्यांवर लिहायचा, एका पत्त्यावर एक ओळ. गठ्ठा बांधून खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घ्यायला जायचे. एक स्वल्पविराम चुकला असेल, तर उत्तराऐवजी चूक छापून यायची, म्हणजे आणखी एक दिवस गेला! गठ्ठा हातातून निसटून पत्ते विखुरले, तर ते पुन्हा क्रमाने लावत बसायचे. त्या पिढीतले लोक सांगतात, की त्यामुळे डोक्यात कार्यक्रम दहा वेळा चालवून पाहायची सवय लागली. आताचा विद्यार्थी मिनिटाला दोनदा चालवून पाहतो आणि डोके नंतर लावतो, ही त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे नावाचे अतिशक्तिमान संगणक भारताला देताना हात आखडता घेतला. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. काळाचा फेरा असा, की २०१५ साली या बंगळूरूच्या आवारात क्रे कंपनीचाच महासंगणक दाखल झाला, आणि २०२२ साली त्याच्या जोडीला सी-डॅकने उभारलेला ‘परम प्रवेग’ आला. प्रवेगची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला तेहतीसशे लाख कोटी आकडेमोडी. विद्यार्थी आपल्या हलक्या लॅपटॉपच्या खिडकीतून डोकावतात, ते अशा यंत्रांत.

गावासाठी संगणक

पण या आवारातल्या संगणकाची सर्वांत मनाला लागणारी हकीकत महासंगणकाची नाही, तळहातावर मावणाऱ्या एका लहानशा यंत्राची आहे.

१९९८ साली बंगळूरूत एक परिषद भरली होती. संगणक फक्त इंग्रजी येणाऱ्या, पैसेवाल्या माणसांचाच राहणार का, असा तिथला प्रश्न. संस्थेच्या संगणकशास्त्र विभागातल्या स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या चार प्राध्यापकांनी तो मनावर घेतला. एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीचे विनय देशपांडे आणि त्यांचे सहकारी सोबत आले. एक विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि २००१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जगासमोर ठेवला ‘सिंप्युटर’. साधा, स्वस्त, अनेक भाषा जाणणारा, लोकांचा संगणक, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची अक्षरे जोडून हे नाव केलेले.

कळफलक नाहीच. पडद्यावर बोटाने वा काडीने टेकवायचे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी यंत्र मजकूर मोठ्याने वाचून दाखवणार. ती वाचा देणारी ‘ध्वनी’ नावाची प्रणाली हरिहरन यांनी इथेच सुरू केली. पुढे इतरांच्या हातून ती मराठीही बोलू लागली. आत मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची. तीही गरिबाला न परवडणारी, हे या मंडळींना ठाऊक होते. म्हणून तोडगा असा, की गावात एकच सिंप्युटर असावा आणि ज्याने त्याने आपले छोटेसे कार्ड त्यात घालून आपले काम करावे. पोस्टातला टेलिफोन जसा सगळ्या गावाचा असे, तसा. यंत्राचा आराखडाही त्यांनी कुलपात ठेवला नाही. ठरावीक अटींवर कोणीही तो घेऊन यंत्र बनवावे, अशी मोकळीक दिली.

जगाने कौतुक केले, परदेशी वर्तमानपत्रांनी स्तंभ लिहिले. पण कौतुकावर कारखाना चालत नाही. यंत्र प्रत्यक्ष बाजारात यायला २००४ चा एप्रिल उजाडला. बंगळूरूच्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवले. किंमत ९,९५० रुपयांपासून १९,९५० रुपयांपर्यंत. त्यात एक करामत होती, हात नुसता झटकला, की पडद्यावरचे पान उलटायचे. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता! आणि खप? अपेक्षा होती पन्नास हजारांची. पहिल्या वर्षात विकले गेले चार हजारांच्या आसपास.

असे का झाले? सुटे भाग परदेशातून येत. थोडेच बनवले तर महाग पडतात, आणि महाग असले की थोडेच खपतात, हे चक्र फुटले नाही. सरकारकडून मोठी मागणी येईल ही आशा फळली नाही. आणि तोवर मोबाइल फोन स्वस्त होत खेड्यापाड्यांत शिरू लागला होता. शेतकऱ्याने दहा हजारांच्या अनोळखी यंत्रापेक्षा दोन हजारांचा फोन घेतला, ज्यावर मुंबईच्या मुलाशी बोलता येते. त्याला दोष कोण देणार?

असाच एक प्रयोग महाराष्ट्रातही झाला. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही अमेरिकेत निघालेली मोहीम २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत पोचली. पहिली ते चौथीची मिळून बावीस मुले. प्रत्येकाला हिरवा-पांढरा, दणकट लॅपटॉप मिळाला. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात दोनशे डॉलरच्या जवळ गेला होता, आणि केंद्र सरकारने आदल्याच वर्षी या योजनेला नकार दिलेला. त्यामुळे तो देशभर काही पसरला नाही.

सिंप्युटर करणारे प्राध्यापक मात्र रिकामे बसले नाहीत. त्याच चौघांनी २००० साली जीवशास्त्रासाठी संगणक वापरणारी स्ट्रँड ही कंपनी काढली होती. ती जगली, वाढली. आज बोटाने टेकवायचा, मराठीत बोलणारा, हलवला की वळणारा पडदा देशातल्या कोट्यवधी हातांत आहे. त्यावर सिंप्युटर हे नाव नाही, आणि तो या आवारात बनलेलाही नाही, एवढेच.

आता काय शिकायचे?

पदव्युत्तर शिक्षणासाठीच ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २०११ साली बारावीनंतरच्या मुलांसाठी चार वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०२२ पासून गणित व संगणन या विषयात बी. टेक. ही. पदवीनंतर येणारे ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर एम. टेक. ला येतात. त्यामुळे आता अठरा वर्षांची मुलेही या झाडांखाली दिसतात, आणि त्यांच्या आयांचे फोन रात्री साडेनऊला वाजतात. ‘जेवलास का?’ या प्रश्नानंतर हल्ली दुसरा प्रश्न हमखास येतो, ‘अरे, आता म्हणे संगणक स्वतःच कार्यक्रम लिहून देतो. मग तू शिकून काय करणार?’

हा प्रश्न मुलांनाही पडलेला असतोच. मेसच्या बाकावर, चहाच्या पेल्याभोवती, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर त्याचीच चर्चा. यंत्राने लिहिलेला कार्यक्रम दिसायला सुबक असतो, बहुतेक वेळा चालतोही. पण तो नेहमीच बरोबर चालेल का, हे कोणाला तरी सांगता आले पाहिजे. इस्पितळातल्या यंत्रात किंवा रेल्वेच्या सिग्नलमध्ये तो बसवायचा असेल, तर ‘बहुतेक’ चालत नाही. म्हणून ज्या फळ्यावरच्या सिद्धता पहिल्या सत्रात कंटाळवाण्या वाटतात, त्यांच्याकडे ही मुले पुन्हा वळतात. एखादी मुलगी मात्र स्पष्ट म्हणते, की नोकरी पाच वर्षांनी कशी असेल हे तिला ठाऊक नाही आणि तिच्या प्राध्यापकांनाही नाही. घरी ती हे फोनवर सांगत नाही. घरी ती म्हणते, ‘सगळं ठीक चाललंय, आई.’

लॅपटॉप बिघडला, की वारी निघते सदर पत्रप्पा रस्त्याला. बंगळूरूकर त्याला एस. पी. रोड म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचे हे धाकटे भावंड! अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना सुट्या भागांची दुकाने, तारांची भेंडोळी, जुने लॅपटॉप रचून ठेवलेले. इथे घासाघीस हिंदी, कन्नड, उर्दू, तमिळ अशा मिश्रणात चालते. पाच-सात वर्षांच्या लॅपटॉपमध्ये नवी स्मृती आणि नवी डिस्क घालून, लिनक्स चढवून तो पुन्हा धावता करणे, हा संगणकाच्या विद्यार्थ्यांचा आनंदाचा भाग असतो. त्याने पैसेही वाचतात, आणि यंत्राच्या पोटात काय असते तेही कळते.

पोटोबासाठी शेजारचे मल्लेश्वरम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला, त्यानंतर ही वस्ती आखली गेली. मार्गोसा रस्त्यावरच्या सी. टी. आर. मध्ये लोणी माखलेला कुरकुरीत बेण्णे मसाला डोसा मिळतो, पण सुटीच्या दिवशी अर्धा तास उभे राहायची तयारी हवी. त्याच रस्त्यावरच्या वीणा स्टोअर्सची इडली पदपथावर उभ्यानेच खायची. कॉफी दोघांत एक घेतली तरी कोणी नाक मुरडत नाही. ‘बाय टू’ म्हटले, की ती दोन पेल्यांत वाटूनच येते, आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला ही पद्धत फार मानवते. मल्लेश्वरमला ज्याच्यावरून नाव पडले, त्या काडु मल्लेश्वराच्या देवळात १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी देवळाला गाव इनाम दिल्याची ती नोंद. शहाजीराजांची जहागीर इथेच होती, तेव्हा मराठी माणूस बंगळूरूत नवा नाही.

संस्थेचे आवार पाहायचे, तर एक अडचण आहे. २००५ च्या डिसेंबरमध्ये इथे अतिरेक्यांनी केलेल्या गोळीबारात दिल्लीच्या आय. आय. टी. चे एक प्राध्यापक मृत्युमुखी पडले. तेव्हापासून फाटकावर चौकशी होते, आणि सहज म्हणून आत हिंडता येत नाही. पण वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आगेमागे, ‘ओपन डे’ असतो. त्या दिवशी फाटके सर्वांना खुली. प्रयोगशाळांपुढे रांगा लागतात, संशोधक विद्यार्थी दिवसभर उभे राहून लहान मुलांच्या शंकांना उत्तरे देतात, आणि कन्नड, हिंदी, इंग्रजी, तमिळ, जी भाषा समोर येईल ती बोलायचा प्रयत्न करतात. मराठीत विचारले, तर आतून कुणाला तरी हाक मारली जाते, आणि सांगलीकडचा किंवा नागपूरकडचा एखादा विद्यार्थी हात पुसत बाहेर येतो. जायचे असल्यास तारीख संस्थेकडे आधी विचारून घ्यावी, यशवंतपूरपर्यंतचे आरक्षण वेळेत करावे आणि पायात चालायचे जोडे घालावेत. आवार मोठे आहे.